ढब्बूची गुरगुर

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला दुसरं काही बोलता आलं नाही तरी एक वाक्य येतंच: "घाबरू नका, तो काही करत नाही." समोरच्याच्या विजारीचा पाय कुत्र्याच्या तोंडात असला तरी हे वाक्य तितक्याच प्रेमानं म्हटलं जातं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण पोरांवरून निघाली असेल, पण ती खरी बघायची तर संध्याकाळी कुत्र्यांच्या मैदानावर जावं.

हे मैदान तसं लहानच होतं. चारी बाजूंनी जाळी, एका कोपऱ्यात नळ, नळाखाली कुत्र्यांना पाणी प्यायला एक घमेलं, दोन-तीन बाकं, आणि आत यायला एकामागे एक अशी दोन फाटकं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुणी निसटत नाही. या दोन फाटकांमधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून येणाऱ्यानं आपल्या कुत्र्याबद्दल मोठ्यानं सांगायचं, अशी रीत तिथल्या मंडळींनी पाडली होती. "आज पोट बिघडलंय, खायला देऊ नका." "आमची बया चेंडू परत देत नाही, सांभाळून." आतले ऐकत, आपापल्या कुत्र्याला सावरत, आणि मग दुसरं फाटक उघडे.

दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या बाई तिथं उभ्या राहिल्या की आतली मंडळी आधीच हसू लागत. "या बाई, तुमच्या ढब्बूबद्दल काय सांगायचं राहिलंय!" ढब्बू म्हणजे बाईंचा तपकिरी, रुंद छातीचा कुत्रा. दिसायला दांडगट, पण गुणी म्हणून मैदानावर पहिलं नाव त्याचंच निघे. कुणी अंगावर उडी मारो, कुणी पुढ्यातली काठी पळवो, ढब्बू हूं की चूं करत नसे. "कुत्रा पाळावा तर असा," लोक म्हणत, आणि बाई मान खाली घालून हातातला पट्टा गुंडाळत बसत. हसू लपवायला काहीतरी करावंच लागे.

हे गुण काही ढब्बू जन्मताना घेऊन आला नव्हता. लहान असताना तो चांगला गुरगुरायचा. हाडाजवळ कुणी गेलं, झोपेत कुणाचा पाय लागला, नखं कापायला पंजा धरला, की घशातल्या घशात घर्रर्र सुरू. बाईंना ते अजिबात खपत नसे. एक तर घर भाड्याचं, भिंती पातळ, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना जिना चढून यायला निमित्तच हवं असे. दुसरं म्हणजे त्या घरात कुणी आवाज चढवत नसे. नवरा छापखान्यात, दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता लागायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचं भांडण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. भांडण झालंच तर बाई भांडी घासायला घेत. अशा घरात कुत्र्यानं गुरगुरायचं म्हणजे काय!

बाईंनी मग दवाखान्यातला उपाय घरी आणला. घाबरलेल्या पोरांना खुर्चीवर गप्प बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओरडणाऱ्या पोराकडे बघायचंच नाही. गप्प झालं रे झालं की शाबासकी, आणि मनगटावर चमकती चांदणी चिकटवायची. ढब्बू गुरगुरला की बाई पाठ फिरवत, त्याची वाटी उचलून घेत. गप्प झाला की बिस्किट. तेवढ्यानं भागेना तेव्हा नाकावर टिचकी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात, बाईंनी ते नळीशिवाय सरळ करून दाखवलं. वर्ष सरायच्या आत ढब्बूची गुरगुर बंद झाली. बाईंनी मुद्दाम नवऱ्याला त्याच्यापुढची वाटी ओढायला लावली. ढब्बू ताठ उभा राहून नुसता बघत राहिला.

"बघा, राग कसा तो उरलाच नाही," बाई म्हणाल्या.

राग होता तिथंच होता. गेला होता तो फक्त आवाज. पण आवाज गेला की राग गेला असं समजायची सवय त्या घराला फार जुनी होती, आणि ढब्बूनंही तीच लावून घेतली.

पोस्टमास्तर मैदानावर यायला लागले ते टिकलीला घेऊन. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. टिकली पांढरी, ओंजळीपेक्षा जरा मोठी, कपाळावर काळा ठिपका. पोस्टमास्तरांच्या बायकोचे गुडघे कामातून गेलेले. तिला सोबत म्हणून लेकीनं ती आणून दिली होती.

"टिकली आली आणि आमची मंडळी पुन्हा बोलायला लागली," पोस्टमास्तर कौतुकानं सांगत. "नाहीतर दिवसभर खिडकीत. आता दिवसभर हिला रागावत असते. घर कसं भरल्यासारखं वाटतं."

पोस्टमास्तरांना ऐकू कमी येई. कानात घालायचं यंत्र होतं, पण मैदानावर येताना ते घरीच ठेवत. सगळी कुत्री एकदम भुंकली की यंत्रातून कानात टाचण्या टोचल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. बायको रोज दारापाशी म्हणे, "यंत्र घाला हो." ते रोज म्हणत, "कुत्र्यांचं बोलणं ऐकून मला काय करायचंय?"

सगळ्या मैदानात टिकलीला आवडला तो एकटा ढब्बू. ती त्याच्या कानाला लोंबकळायची, पोटाखालून पळायची, तो पाण्याला तोंड लावायचा तेव्हाच घमेल्यात पाय घालायची. ढब्बू तोंड फिरवायचा, उगाच ओठ चाटायचा, अंग ताठ करून उभा राहायचा. त्याच्या डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायच्या. बाईंना हे सगळं दिसत होतं. "बघा किती सोसतो," त्या शेजारच्याला दाखवायच्या.

एकदा पोस्टमास्तर उठले. "हिला उचलून घेऊ का हो? फार अंगचटीला जाते."

"खेळू द्या हो," बाई त्यांच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाल्या. "माझी खात्री आहे. ढब्बू काही करायचा नाही."

खात्री एवढ्या मोठ्यानं दिली की समोरच्यानं घ्यायचीच असते. पोस्टमास्तर पुन्हा बाकावर बसले.

त्या दिवशी ऊन फार होतं. ढब्बू घमेल्यातलं पाणी पीत होता, आणि टिकली त्याच्या नाकाखालून आत शिरली. ना आवाज, ना दात विचकणं. ढब्बूनं मान खाली घातली आणि एकच हिसडा दिला. टिकलीचं केकाटणंसुद्धा अर्धंच निघालं. बाई धावत पोहोचेपर्यंत तो तिला सोडून मागे सरला होता आणि बाईंकडे बघत हळूहळू शेपूट हलवत होता. आवाज केला नाही म्हणून बिस्किट मिळेल असं त्याला वाटलं असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

पोस्टमास्तरांची नळाकडे पाठ होती. कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी टिकलीला सदऱ्याच्या घोळात घेतलं, आणि वर बघून पहिलं काय विचारलं तर, "त्यानं आधी सांगितलं असेल ना? गुरगुरला असेल. मला ऐकू आलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "गुरगुरला असणारच. कुत्रा सांगितल्याशिवाय चावत नाही." दुसऱ्यानं री ओढली. तिसऱ्याला तर ऐकल्याचं आठवायलाही लागलं. बाईंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, हे त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं, पण पोस्टमास्तरांनी ती हो अशीच घेतली.

"तरी बायको रोज सांगत होती, यंत्र घाला म्हणून," ते म्हणाले. टिकली जनावरांच्या डॉक्टरकडे पोहोचायच्या आतच गेली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे निरीक्षक घरी आले. माणूस शांत होता, दारात चपला काढून आत बसला. ढब्बूनं येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली, आणि त्यांनी त्याच्या कानामागे खाजवलंसुद्धा.

"मला एकच कळायला हवं," ते म्हणाले. "यानं चावायच्या आधी इशारा दिला होता का? दिला असेल, तर समोरच्यानं आपलं कुत्रं उचलायला हवं होतं. मग याला जाळीचं मुसकं घाला, पट्ट्यावर फिरवा, राहू दे घरात. पण न सांगता चावत असेल तर वस्तीत ठेवता येणार नाही. उद्या त्या पिल्लाच्या जागी एखादं मूल असेल."

"गुरगुरला होता," बाईंचा नवरा पटकन म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय."

"मला बाईंकडून हवंय. मैदानावर त्याच होत्या, आणि कुत्रा त्यांच्या ताब्यात होता." निरीक्षक उठले. "घाई नाही. विचार करून सोमवारी कचेरीत येऊन सांगा."

दार लागल्यावर नवरा बाईंसमोर येऊन उभा राहिला. "अगं, एक शब्द तर बोलायचाय. पोस्टमास्तर स्वतःच म्हणतायत ना? गेलेली काही परत येत नाही. आपला तरी वाचवू या."

नवऱ्याचे डोळे भरलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते. एक शब्द. तो म्हटला तर ढब्बू पायाशी झोपणार होता, नाही म्हटला तर नव्हता, इतका सरळ हिशेब होता. बाईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं, म्हणायचं.

शनिवारी दवाखान्यात एका मुलीची दाढ भरायची होती. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार." हे वाक्य बाईंच्या कानावरून इतक्यांदा गेलेलं होतं की ते त्यांना ऐकूही येत नसे. दाढ कोरायचं यंत्र सुरू झालं आणि मुलीचा हात वर जाऊ लागला. बाईंनी सवयीनं तो हळूच धरून खाली दाबला. "काही होत नाही गं बाळा. शहाणी ना तू?"

डॉक्टर थांबले. "बाई, तिचा हात धरू नका. मग मला कळणार कसं?"

ते रागावून बोलले नव्हते. तरी बाईंनी चटका बसल्यासारखा मुलीचा हात सोडला. आपण जनावराला मुकं म्हणून मोकळे होतो, पण ते मुकं नसतं. दुखतंय, नको, दूर हो, हे सगळं सांगायला त्याच्याजवळ एक गुरगुर असते. ढब्बूजवळही होती. ती दाबून दाबून बाईंनी काढून घेतली होती, आणि वर लोकांकडून शाबासकी मिळवली होती. बाई मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि नळ सोडून रडल्या.

रविवारी त्या पोस्टमास्तरांकडे गेल्या. विचारपूस करायला आले, असंच दारात म्हणाल्या; ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ आली की माणूस असंच बोलतो. खोली नीटनेटकी होती. कोपऱ्यातली टिकलीची टोपली कुणी उचलली नव्हती. पोस्टमास्तरांची बायको खिडकीशी खुर्चीत बसलेली, तोंड बाहेर. पोस्टमास्तरांच्या कानात यंत्र होतं.

"विचारा त्यांना," बायको बाईंना म्हणाली, नवऱ्याकडे न बघता. "आता कशाला घातलंय? आता या घरात ऐकण्यासारखं उरलंय काय?"

पोस्टमास्तर ओशाळून हसले. बाईंना खुर्ची देताना हळू आवाजात म्हणाले, "बोलत नाही माझ्याशी. तुमच्याशी तरी बोलली, बरं झालं. तिचंही खरं आहे हो." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "मी आता झोपतानाही यंत्र काढत नाही. काल रस्त्यात एक कुत्रा दुसऱ्यावर गुरगुरला, तर मला पलीकडच्या बाजूनं ऐकू आलं. स्वच्छ. म्हणजे त्या दिवशीही आलं असतं. एवढंसं यंत्र, खिशात मावतं. नेलं असतं तर उचललं असतं मी तिला."

बाईंना ते ऐकवेना. ढब्बू डोळ्यांपुढे येत होता, आणि हा म्हातारा समोर होता. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तो गुरगुरला नव्हता."

"काय म्हणालात?" यंत्र असूनही पोस्टमास्तरांनी विचारलं.

"ढब्बू गुरगुरला नव्हता, मास्तर. तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण आवाजच झाला नव्हता. यंत्र असतं तरी आला नसता. पूर्वी गुरगुरायचा. मीच त्याचं बंद केलं. टिचक्या मारून, बिस्किटं देऊन. लोक गुणी म्हणायचे, मला बरं वाटायचं." बाईंना थांबता येईना. "तो ताठ व्हायचा ते मला दिसत होतं. तुम्ही टिकलीला उचलायला उठला होतात, मीच बसवलं तुम्हाला. आणि त्या दिवशी मी मान हलवली, तीही खोटी."

खिडकीशी खुर्ची करकरली. बायकोनं हातांनी रेटून ती वळवली होती.

"म्हणजे यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"मी यांना काय काय बोलले हो," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. पोस्टमास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. बाईंना वाटलं होतं, हे सांगितलं की त्यांचा चेहरा मोकळा होईल. तो झाला नाही. आतापर्यंत ते स्वतःवर रागावले होते, आणि त्या रागाला आता दुसरीकडे जावं लागत होतं.

"सांगितलंत, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण आता जा तुम्ही. मला तुमच्याकडे बघवत नाही."

बाई जिना उतरल्या. वर दोघं बोलत असल्याचं त्यांना ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

सोमवारी त्यांनी कचेरीत जाऊन जे होतं ते सांगितलं. निरीक्षकांनी दोनदा विचारलं, खात्री आहे का. अशा कुत्र्यांना ठेवून घेणारी एक जागा गावाबाहेर होती; त्यांनी स्वतः फोन करून पाहिला, पण जीव घेतलेलं कुत्रं आम्ही घेत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा गुरगुरायला शिकवता येईल का, असं बाईंनी विचारलं. निरीक्षक म्हणाले, "कदाचित. पण तो शिकेपर्यंत मध्ये कुणी सापडलं तर?" ढब्बूला कायमचं झोपवायच्या कागदावर बाईंनी सही केली. नवऱ्यानं घरी सगळं ऐकून घेतलं आणि ढब्बूचं अंग विंचरायला घेतलं. पुष्कळ वेळ तो विंचरतच राहिला. जनावरांच्या दवाखान्यात बरोबर जायला मात्र त्याचा धीर झाला नाही.

जनावरांची डॉक्टर वयानं बाईंना लेक शोभेल अशी होती. टेबलावर चढायला ढब्बू तयार होईना, म्हणून तिनं खाली फरशीवरच चादर अंथरली आणि स्वतःही मांडी घालून बसली.

"सुई टोचताना काहीजण शेवटी उलटतात," ती म्हणाली. "मुसकं आहे माझ्याकडे. पण शांत दिसतोय. तोंड मोकळं असलं की चाटून घेतात, माणसांनाही बरं वाटतं. तुम्ही ओळखता त्याला. घालू की राहू दे?"

बाईंनी ढब्बूकडे पाहिलं. कान मागे, शेपूट खाली, तरी हलत होतं. घाबरला होता? चिडला होता? इतकी वर्षं ज्याला हातानं भरवलं, त्याच्या मनात काय आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि कळण्याची जी एक वाट होती ती त्यांनीच बुजवली होती. राहू दे म्हणावं, शेवटचं त्यानं तोंड चाटावं, यासाठी त्यांचा जीव तुटत होता. पण डॉक्टरचे हात उघडे होते.

"घाला," बाई म्हणाल्या. "मला सांगता येत नाही."

मुसकं त्यांनी स्वतःच चढवलं आणि कानामागे बंद आवळला. ढब्बूनं मान पुढे करून घालून घेतलं. सुई टोचली तेव्हा त्यांच्या तळव्याखाली त्याचं अंग ताठ झालं. बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"ओरड रे बाळा," त्या म्हणाल्या. "ओरड. मी रागावणार नाही."

ढब्बूनं जाळीतून जीभ काढून त्यांचं बोट शोधलं. तो शेवटपर्यंत गप्पच राहिला.